मार्कांच्या तक्त्याचं नक्की करायचं काय? (प्राथमिकच्या शिक्षकांनो, मदत हवी)

खडूधूळ | सोम, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी तिसरीला शिकवते, वर्गात ३४ मुलं. दर घटक चाचणीनंतर आम्हाला एक्सेल शीट भरावं लागतं, ४०% च्या खाली लाल, ७० पर्यंत पिवळा, वर हिरवा. भरायला दोन संध्याकाळी जातात. मग मीटिंगमध्ये सगळ्यांची रंगीत शीट्स भिंतीवर आणि वाक्य ठरलेलं, "डेटा वापरून शिकवा". बरं, वापरते, पण कसा ते कुणीच सांगत नाही हो.

मागच्या आठवड्यातलं उदाहरण देते. तीन अंकी वजाबाकी, हातच्याची. वर्गाची सरासरी आली ६१%. म्हणजे नीट जमलेलं नाही, म्हणून मी अख्खा पाठ पहिल्यापासून पुन्हा घेतला. ज्यांना येत होतं ती मुलं कंटाळून एकमेकांच्या पेन्सिली पळवत बसली आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांदाही आलं नाही, कारण मी तेच तसंच सांगत होते, फक्त जरा मोठ्याने. दोन तास गेले, आणि पाठ टाचणात मात्र छान दिसतंय, "उपचारात्मक अध्यापन घेतले".

तर जे खरंच मुलांच्या मार्कांवरून, वह्यांवरून पुढचं शिकवणं ठरवतात त्यांनी प्लीज सांगा, सोमवारी चाचणी झाली तर मंगळवारी तुम्ही वर्गात नक्की काय वेगळं करता?

---

उगाचकुणी | सोम, रात्री १०:५८

मंगळवारी आम्ही लाल रंग थोडा फिका करतो, पिवळ्यासारखा दिसतो मग. हलके घ्या.

---

निवृत्त_मास्तर | सोम, रात्री ११:२०

ताई, ६१% हा आकडा विसरा. सरासरी मीटिंगसाठी असते, शिकवण्यासाठी नाही. पेपर अजून तुमच्याकडे असतील तर परत बाहेर काढा आणि यावेळी मार्क बघू नका, मुलांनी चुकीचं उत्तर काय लिहिलंय ते बघा. एकच गणित घ्या.

३०४ − १५८. बरोबर उत्तर १४६. आता चुकलेली उत्तरं बघा, माझ्या अनुभवात तीन हमखास येतात.

२५४ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, आठातून चार, पाचातून शून्य. त्याला हातचा हा प्रकारच कळलेला नाही, वर-खाली कोण आहे याने त्याला काही फरक पडत नाही.

२४६ लिहिणाऱ्याला हातचा येतो. त्याने शून्याचे नऊ केले, एककात दहा दिले, पण शतकाच्या ३ चे २ करायला विसरला. म्हणजे उसनं घेतलं आणि देणाऱ्याच्या खात्यातून वजाच केलं नाही.

१५६ लिहिणाऱ्याने शून्यावरून उडी मारून थेट शतकाकडून एककाला दिलं, ३ चे २ केले, मग मधल्या घरात ० − ५ ला अडकला आणि तिथे ५ लिहून मोकळा झाला.

तिघांना शून्य मार्क, तिघं लाल, आणि तिघांना वेगळं शिकवायला हवं. पहिल्याला दशकाच्या गड्ड्या आणि सुट्ट्या काड्या हातात द्यायच्या, गड्डी सोडायला लावायची. दुसऱ्याला काड्यांची गरज नाही, त्याला फक्त उत्तरात १५८ मिळवून ताळा करायला लावा, स्वतःच पकडेल. तिसऱ्याबरोबर ३०४ म्हणजे ३० दशक आणि ४ सुटे असं वाचायचा सराव. तुम्ही अख्खा पाठ पुन्हा घेतलात तेव्हा या तिघांनाही एकच औषध मिळालं.

आणि हे माझं शोधलेलं नाही. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम केलं, त्यांनी या चुकांना 'बग' म्हटलं, कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्यासारखे. मुद्दा असा की बरीचशी मुलं वेंधळेपणाने चुकत नाहीत, ती एक चुकीचा नियम अगदी इमानदारीत पाळत असतात. गुणतक्त्यात तो नियम दिसत नाही, कारण तक्ता भरायच्या आधीच आपण तो पुसून टाकलेला असतो.

---

अबकडई | मंगळ, सकाळी ७:०५

मास्तरांना +१००. मी पहिली-दुसरीला आहे. आमच्याकडे असंच ८ + ४ = ☐ + ५ हे देऊन बघा कुणाही मुलाला. ७ यायला पाहिजे, पण मुलं बिनधास्त १२ लिहितात, नाहीतर सगळं मिळवून १७. त्यांच्या डोक्यात = म्हणजे 'आता उत्तर लिही'. १९९९ मध्ये अमेरिकेत हे छापून आलं होतं, तिथे सहावीच्या १४५ मुलांना हे दिलं तर सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं, एकालाही ७ नाही! आणि हीच मुलं बेरजेच्या चाचणीत हिरव्या रंगात असणार, कारण चाचणीत कायम ८ + ४ = असंच विचारतात. म्हणजे आपण जे विचारलंच नाही त्याचा डेटा कुठून येणार.

---

एक्सेलवाला | मंगळ, सकाळी ९:३१

मी शिक्षक नाही, डेटा ॲनालिस्ट आहे, मुलगा चौथीत. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. खडूधूळ, तुमच्या शीटमध्ये मुलागणिक एकच आकडा असेल तर त्यातून काही काढता येणार नाही हे मास्तरांचं बरोबर आहे. प्रश्नागणिक कॉलम करा, आडवे प्रश्न उभी मुलं, आणि बरोबर-चूक ऐवजी मुलाने लिहिलेलं उत्तरच सेलमध्ये टाका. सॉर्ट केलं की सारख्या चुकांचे पुंजके आपोआप दिसतील. हवं असल्यास डॅशबोर्ड बनवून देतो, फुकट.

शून्यवाल्या वजाबाक्या किती होत्या चाचणीत?

---

खडूधूळ | मंगळ, दुपारी १:१५

दहापैकी तीन. डॅशबोर्डला नाही म्हणतेय हो सध्या, मला आणखी एक रंगीत गोष्ट नको आहे :) पण कॉलमची आयडिया चांगली आहे.

---

एक्सेलवाला | मंगळ, दुपारी १:४०

हाहा मान्य. मग दोन गोष्टी फक्त. एक, तीनच प्रश्न असतील तर एका प्रश्नाने मूल १०० वरून ६७ वर येतं. डुलकी लागली, बाकावरचं पेन पडलं, झालं. तेवढ्यावरून 'याला शून्य येत नाही' असा शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी तसलीच आणखी दोन देऊन बघा.

दुसरी जरा तिरकी आहे. सगळ्यात कमी मार्कांची आठ मुलं निवडून त्यांचे जादा तास घेतले आणि पुन्हा चाचणी घेतली की त्यांचे मार्क वाढतातच. पण थोडेसे काहीही न करताही वाढले असते. कारण त्या आठांत काही जणांचा तो दिवसच वाईट होता. वरच्या आठांचे तसेच थोडे उतरतात. आमच्या ऑफिसात पण याच्यावर किती प्रेझेंटेशन्स होतात विचारू नका. तेव्हा 'उपाय लागू पडला' म्हणताना एवढं डोक्यात ठेवा.

---

निवृत्त_मास्तर | मंगळ, दुपारी ४:०२

हे आवडलं. चाळीस वर्षांत किती वेळा माझी पाठ थोपटली गेली असेल अशा वाढीसाठी, आता हिशोब लागतोय.

---

चिमुकलीची_आई | मंगळ, रात्री ९:१०

इथे सगळे शिक्षक दिसतायत पण पालक म्हणून बोलू का. माझ्या मुलीला पहिलीत वाचनाच्या एका चाचणीवरून मागच्या गटात बसवलं. गटांना फुलांची नावं होती म्हणे, पण मुलांना पहिल्याच दिवशी कळतं कुठलं फूल म्हणजे 'ढ'. चौथीपर्यंत ती त्याच गटात! मधे तिला चांगलं वाचता यायला लागलं होतं, घरी गोष्टीची पुस्तकं संपवायची, पण कुणी परत तपासलंच नाही. आणि त्या गटाला पुस्तकंही सोपीच मिळत राहिली, मग बाकीच्यांच्या पुढे कशी जाणार? १९६८ चा तो रोझेंथाल आणि जेकबसनचा प्रयोग आहे ना, शिक्षकांना खोटंच सांगितलं की ही मुलं यंदा चमकणार आणि ती खरंच पुढे गेली. मग उलटंही होत असणार. म्हणून डेटा डेटा ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

---

एक्सेलवाला | मंगळ, रात्री ९:३३

ताई तुमच्या मूळ मुद्द्याशी सहमत, पण त्या प्रयोगावर नंतर पुष्कळ टीका झाली आहे. फरक दिसला तो मुख्यतः पहिली-दुसरीत, वरच्या वर्गांत फारसा नाही. त्याच्यावर फार भार टाकू नका.

---

चिमुकलीची_आई | मंगळ, रात्री ९:३६

नाही टाकत. माझ्या मुलीच्या तीन वर्षांवर टाकते मग.

---

अबकडई | बुध, सकाळी ६:५०

चिमुकलीची_आई, तुमचा राग अगदी योग्य आहे आणि हे आमच्याकडूनच होतं. मी सुरुवातीला असेच गट करायचे, वर्षभराचे. आता काय करते सांगते, बघा पटतं का. गट मुलाचा नसतो, कौशल्याचा असतो. 'शून्यावरून हातचा' हा गट, आठ-दहा दिवसांचा, त्यात वाचनात पहिली असलेली पोरगीही येते आणि वर्गातला सगळ्यात दंगेखोरही. काम झालं की गट मोडला. पुढच्या आठवड्यात 'घड्याळ' गट, त्यात वेगळीच मुलं. माझ्याकडे एक वही आहे, दोन पानांवर कौशल्यं लिहिलेली आणि पुढे मुलांची नावं पेन्सिलनेच. पेनने लिहिलं की ते नाव तिथे राहतं, हे मला स्वतःबद्दल कळलंय. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं खोडरबर घेऊन बसते. ज्याचं नाव तीन शुक्रवार तिथेच आहे, तिथे मुलाचं नाही तर माझं काहीतरी चुकतंय असं धरते, साधन बदलते नाहीतर एक पायरी मागे जाते.

---

वाचनवेडी | बुध, दुपारी २:२५

वाचनाचा विषय निघालाच आहे तर माझे चार शब्द (चाळीस होतील). मी प्राथमिकच्या मुलांबरोबर वाचनावर काम करते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची एक पद्धत आहे, रनिंग रेकॉर्ड म्हणतात. मूल साधारण शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचतं, तुम्ही शेजारी बसून प्रत्येक शब्दाला खूण करता, बरोबर वाचला तर टिक, चुकला तर जे वाचलं ते वर लिहायचं, स्वतःच सुधारलं तर तेही नोंदवायचं. ९५ किंवा त्याहून जास्त बरोबर म्हणजे उतारा सोपा, मुलाने एकट्याने वाचावा. ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य. ९० च्या खाली म्हणजे आत्ता हा उतारा बाजूला ठेवा, मूल नुसतं झगडत राहील. एवढा आकड्यांचा भाग.

पण खरी मजा मास्तर म्हणाले तशीच चुकांमध्ये आहे. समजा दोन मुलं, दोघांचे ९२. वाक्य होतं 'माकड झाडावर चढलं'. एकाने वाचलं 'वानर झाडावर चढलं'. दुसऱ्याने वाचलं 'मडकं झाडावर चढलं' आणि पुढे निघून गेला, थांबला नाही, हसलाही नाही. पहिला अर्थ पकडून वाचतोय पण अक्षरांकडे नीट बघत नाही. दुसरा अक्षरांशी झटापट करतोय, त्यात अर्थ कधीच सुटून गेलाय, मडकं झाडावर कसं चढेल हा प्रश्नच त्याला पडत नाही. पहिल्याला मी म्हणते, बोट ठेव, हा शब्द कुठल्या अक्षराने सुरू होतो? दुसऱ्याला म्हणते, चित्र डोळ्यांपुढे आण आणि सांग काय दिसतंय. अदलाबदल केली तर दोघांचंही नुकसान.

दुसरं एक आहे, मिनिटाचं वाचन. अमेरिकेत स्टॅन्ली डीनो यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं. आठवड्यातून एकदा एक मिनिट वाचून घ्यायचं, बरोबर शब्द मोजायचे, आलेखावर ठिपका. आत्ता कुठे आहे आणि वर्षाअखेर कुठे पोचायचंय अशी एक तिरकी रेघ आधीच आखलेली असते. ओळीने चार ठिपके रेघेखाली गेले की थांबायचं आणि शिकवण्याची पद्धत बदलायची. मला यात आवडतं ते हे की कधी बदलायचं ते आधी ठरलेलं आहे. नाहीतर आपण 'बघू अजून एक आठवडा' करत सत्र घालवतो. फक्त इंग्रजीतले मिनिटाला इतके शब्द हे आकडे उचलून मराठीला लावू नका, आपले शब्द प्रत्यय चिकटून लांब होतात, 'घरासमोरच्या' हा एकच शब्द मोजला जातो. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या ठिपक्यांशी करा.

---

उगाचकुणी | बुध, दुपारी २:५१

मडकं झाडावर चढलं 😂 ऑफिसात मोठ्याने हसलो.

गंभीर होऊन एक सांगतो. आमच्या लहानपणी एका बाईंनी हा मिनिटाचा खेळ वर्गात स्पर्धा म्हणून लावला होता. मी पहिला यायचो, आगगाडीसारखा धडधडत. गोष्टीत काय होतं ते विचारलं तर शप्पथ.

---

वाचनवेडी | बुध, दुपारी ३:१०

हेच! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात नेमकं हे मांडलं, एखाद्या आकड्यावरून निर्णय घ्यायला लागलं की तो आकडाच बिघडायला लागतो. ताप मोजायला थर्मामीटर ठीक आहे, पण थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. म्हणून मिनिटाचं वाचन मी मुलांना 'फास्ट वाच' असं कधीच सांगत नाही, 'आजीला गोष्ट सांगतोस तसं वाच' म्हणते, आणि नंतर एक प्रश्न गोष्टीतला.

---

खडूधूळ | शुक्र, रात्री ११:०५

मंडळी, केलं! पेपर काढले, मार्क स्टिकी नोटने झाकले (नाहीतर डोळा तिकडेच जातो) आणि जमिनीवर ढीग लावले. ३४ पैकी १२ सगळं बरोबर. ९ जण 'मोठ्यातून लहान'वाले. ६ जणांचा शून्याचा घोळ. ३ जणांना पद्धत येते पण १४ − ८ सारखं चटकन येत नाही, बोटं मोजताना चुकतात. उरले ४, त्यांच्या चुका कशातच बसेनात.

त्या चौघांना एकेक करून जवळ बोलावलं आणि म्हटलं मला हे गणित करून दाखव, बोलत बोलत कर. एकजण आकडे एकाखाली एक लिहीतच नाही, तिरपे जातात, चौकटीची वही दिली तर सगळी बरोबर. एकजण त्या दिवशी तापातून आला होता, आता बरोबर करतोय. आणि दोन मुलींची गंमत ऐका, त्यांची वजाबाकी बरोबरच होती! फळ्यावरून उतरवतानाच ३०४ चं ३०१ आणि १५८ चं १५३ झालं होतं. त्यांनी लिहिलेल्या गणिताचं उत्तर त्यांनी बरोबर काढलेलं, मी लाल फुली मारून मोकळी. दोघी मागच्या बाकावर. पालकांना डोळे तपासायला सांगितलंय. शीटमध्ये या दोघी 'वजाबाकी – लाल' होत्या, मी त्यांना काय उपचारात्मक शिकवत होते देव जाणे.

मंगळवारचं उत्तर आता माझं मलाच मिळालंय थोडंसं. ९ जणांबरोबर मी काड्या घेऊन जमिनीवर, बाकीच्यांना कामं वाटलेली. पण दोन अडचणी आहेत. रोज असे ३४ पेपर जमिनीवर पसरायला वेळ कुठून आणू? आणि त्या १२ जणांचं काय करू, ती लवकर संपवून 'बाई झालं' म्हणत अंगावर येतात.

---

निवृत्त_मास्तर | शनि, सकाळी ८:१५

शाब्बास! उतरवण्याची चूक मी कितीतरी वर्षं गणिताची चूक म्हणून मोजली असेल, आज वाईट वाटलं.

वेळेचं सांगतो. रोज पेपर नको. तास संपताना एकच गणित, चिठ्ठीवर, नीट निवडलेलं. ३०४ − १५८ सारखं, ज्याची प्रत्येक चूक वेगळी दिसते. ४५२ − २३१ दिलंत तर मोठ्यातून लहान करणाऱ्याचंसुद्धा बरोबर येईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. एका चिठ्ठीला पाच सेकंद, ३४ चिठ्ठ्या, तीन मिनिटांत ढीग. मार्क द्यायचे नाहीत, वहीत चढवायचं नाही, वाटलं तर दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

मार्क का नको, तर इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला, तो १९८८ मध्ये छापून आला. काहींना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या वेळी सुधारली ती नुसता शेरा मिळालेली. दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या मार्कांवाल्यांसारखीच राहिली. मार्क दिसला की शेरा कोण वाचतो? आपणही प्रगतीपुस्तकात तेच करायचो की.

---

अबकडई | शनि, सकाळी ९:४०

१२ जणांसाठी माझी युक्ती. त्यांना फळ्यावर २५४, २४६, १५६ लिहून द्या आणि विचारा, ही तीन उत्तरं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात काय चाललं असेल? (नावं अर्थातच नाहीत.) माझी मुलं यावर अर्धा तास भांडतात. आणि गंमत म्हणजे बरोबर उत्तर काढणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना हे सांगताच येत नाही, मग कळतं की त्यांनी पण नुसती कृती पाठ केलेली आहे. ते बारा सगळे हिरवे, पण हिरव्यातही छटा असतात.

---

चिमुकलीची_आई | शनि, सकाळी ११:२२

वाचतेय सगळं. पालकसभेत मी कायम 'किती मार्क पडले' विचारायचे. आता काय विचारू?

---

अबकडई | शनि, सकाळी ११:३०

'सध्या ती कुठे अडकते आणि तुम्ही परत कधी तपासणार आहात?' एवढंच विचारा. तारीख मागा.

---

एक्सेलवाला | शनि, दुपारी १२:०४

वाचनखूण साठवली. पोराची वही आज बघतो, मार्क झाकून.

---

खडूधूळ | दोन आठवड्यांनंतर, गुरु, रात्री १०:१८

अपडेट द्यायचं राहिलं होतं. चिठ्ठीपद्धत चालू आहे. नऊपैकी सहा जण आता काड्यांशिवाय करतात, दोन जण काड्या असल्या तर करतात, एक जण सोमवारी करतो आणि गुरुवारी विसरतो, त्याला मधेमधे एखादं गणित देत राहायचं ठरवलंय. रंगीत शीट अजून भरावं लागतंच, पण आता त्याला अर्ध्या तासाच्या वर वेळ देत नाही. एका मुलीला चष्मा लागला, दुसरीचे डोळे ठीक आहेत, तिला फक्त पुढे आणून बसवलं.

शून्यवाल्या सहांत मात्र एक घोळ. एका मुलाच्या चिठ्ठीवर सलग तीन दिवस १५६ छापाची चूक, मी त्याच्याबरोबर '३० दशक' वगैरे मन लावून घेतलं, तरी तेच. मग लक्षात आलं, त्याच्या शेजारच्याची पण रोज अगदी तीच चूक.

---

उगाचकुणी | गुरु, रात्री १०:२५

म्हणजे डेटाने कॉपी पकडली! ओरडलात का?

---

खडूधूळ | गुरु, रात्री १०:३१

नाही हो, नुसती जागा बदलली. काल एकट्याने केलं, २४६ आलं. चूकच आहे, पण त्याची स्वतःची आहे. उद्या ताळा करायला शिकवते त्याला.